भागिले दोन

टाकीमामानं दारातूनच सांगितलं, "ग्रॅमबाई, तुमचे वडील आलेत," आणि माझ्या हातून एक आकडा सुटला. कॅलरीमीटरमध्ये तेव्हा सतरा नंबरच्या मादीची अंडी जळत होती. जळत होती म्हणजे जळून गेली होती. पोलादी भांड्यात प्राणवायू भरून ठिणगी दिली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं, आणि मग भोवतालचं पाणी किती तापलं ते दर मिनिटाला टिपत बसायचं, वीस मिनिटं. मधला एखादा आकडा गेला तर मागचापुढचा बघून भरता येतो. सगळे भरतात. मी भरत नाही, म्हणून मला ग्रॅमबाई म्हणतात. तोंडावर म्हणणारा एकटा टाकीमामा, कारण चोवीस वर्षं तो इथल्या टाक्यांचं पाणी बदलतोय आणि त्याला आता कुणाची भीडभाड राहिलेली नाही. "बसवा त्यांना," मी म्हटलं. "कुठे बसवू? कॉरिडॉर पुसायला घेतलाय, आणि बैठकीच्या खोलीत साहेबांचे पाहुणे आहेत." सहाव्या मिनिटाची वेळ झाली होती. "टाक्यांच्या खोलीत बसवा," मी मान वर न करता म्हटलं, "आणि हलू नका म्हणावं. खेकडे बुजतात."

हलू नका हे बाबांना सांगायची खरं तर गरज नव्हती. न हलणं हे त्यांनी जन्मभर केलेलं काम. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते नकाशे काढायचे, उंच स्टुलावर बसून, गावभरच्या नळांचं जाळं काळ्या शाईच्या बारीक रेघांनी. आणि संध्याकाळी घरी आले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, तसेच, हात मांडीवर ठेवून. आई त्यांच्या समोरून जायची, यायची. बादली, कपडे, भांडी, दादाची पाटी, माझं शेंबडं नाक. ती खोली मला आठवते ती अशीच, की त्यात एक माणूस स्थिर आहे आणि दुसरं कधीच स्थिर नाही. खाली वाकताना आई एका हातानं कंबर धरायची. खुर्चीपाशी फडकं आलं की बाबा दोन्ही पाय वर उचलायचे, तिला खालून पुसता यावं म्हणून. उचलायचे हे खरं, ते मी नाकारत नाही. पुढे कॉलेजात मैत्रिणींना मी हे रंगवून सांगायचे, आमचे वडील घरकामात पुष्कळ मदत करतात, पाय उचलतात. आणि त्या हसल्या की मला बरं वाटायचं, आणि घरी जाईपर्यंत वाईट वाटायला लागलेलं असायचं.

विसावा आकडा टिपून झाला तरी मी उठले नाही. ते का आले असणार ते मला माहीत होतं. सकाळी दादाचा फोन येऊन गेला होता. दादा आणि वहिनी त्यांच्या मुलीकडे परदेशी चाललेत, कायमचे, घर सोडायचंय. बाबांसाठी एका वृद्धाश्रमात खाट धरून ठेवलीये, पण ती आज संध्याकाळी सहापर्यंतच. "तू ठेवून घेणार असशील तर तसं सांग, नाहीतर मी त्यांना हो कळवतो," दादा म्हणाला. "माझा काही आग्रह नाही. अकरा वर्षं मी केलंय." त्यानं अकरा वर्षं केलंय हे तो हल्ली प्रत्येक फोनमध्ये सांगतो आणि ते खरंच असल्यामुळे मला काही बोलता येत नाही. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, एकीत मी झोपते आणि दुसरीत कागद झोपतात. मी म्हटलं, सांगते. मनात म्हटलं, नाही. इतकं साधं 'नाही' मनात यायला मला अजिबात वेळ लागला नव्हता, उलट ते कित्येक वर्षं तयार होऊन बसलं होतं आणि कुणी विचारतंय का याचीच वाट बघत होतं.

बाबा टाक्यांच्या खोलीत भिंतीला टेकून स्टुलावर बसले होते. कापडी पिशवी पायाशी. इस्त्रीचा शर्ट, पण गळ्यापाशी तो आता सैल झालाय, मान आतल्या आत लहान झाल्यासारखी. मला बघून त्यांनी उठायला घेतलं आणि मग हलू नका हे आठवून तसेच राहिले.

"स्वतः कशाला आलात? दादानं सांगितलं होतं मला."

"राहायचं मला आहे. त्यानं का माझ्यासाठी शब्द टाकायचा?"

"बसनं आलात?"

"दोन बदलल्या. सूनबाईनं दहालाच जेवू घातलं होतं." थोडं थांबून म्हणाले, "छोटे, तू काय ते ठरव. पण ठरवायच्या आधी मला तुला एक सांगायचंय."

"आत्ता नको, बाबा. बारा वाजता यांना खायला घालायचंय. चारपर्यंत मला सवड नाही."

"चारला सांगेन," ते म्हणाले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कुणी छोटी म्हणतं याचा मला राग येतो, आणि म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही हेही त्याच वेळी लक्षात येतं.

त्या खोलीत भिंतीलगत चोवीस टाक्या आहेत आणि प्रत्येकीत एक जोडी. मादी कात टाकायच्या बेतात आली की नर तिला शोधतो आणि आठ पायांचा पिंजरा करून तिच्यावर उभा राहतो. ती कात टाकते, लोण्यासारखी मऊ होते, तेव्हाच त्यांचं मीलन होतं, आणि मग तिचं कवच पुन्हा टणक होईपर्यंत तो तसाच उभा असतो, दुसरा नर आला तर नांग्या उगारून. यानंतर तिचं खरं काम सुरू होतं. अंगात साठवलेलं सगळं ती अंड्यांत ओतते, पोटाखालच्या झडपेत लाखभर अंडी आठवड्यांमागून आठवडे धरून ठेवते, त्यांना वारा घालते, घाण निवडते. शेवटी तिची पचनग्रंथी, म्हणजे खेकड्याचं कोठारच ते, उघडून बघितली तर चिंधीसारखी दिसते. मी हे सगळं वाळवून, कुटून, जाळून मोजलंय. मादी आपल्या साठ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा पिल्लांपायी देते. नराचे वृषण वाळवून जाळले, तर शंभरातला अर्धा भागही भरत नाही. गेल्या वर्षी एका परिषदेत मी फळ्यावर मादीचा उंच खांब काढला आणि शेजारी नराची एक रेघ, आणि म्हटलं, "नराचा खर्च नगण्य." लोक हसले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर टाळ्या वाजवल्या. मी गंभीर चेहऱ्यानं पाणी प्यायले, पण आतून मला झालेला आनंद काही शास्त्रीय नव्हता.

बारा वाजता मी प्रत्येक टाकीत शिंपल्याच्या गराचे दोन वजन केलेले तुकडे टाकले. नेहमी असंच करते: दोन तुकडे टाकायचे, दार ओढून घ्यायचं, चार तास खोलीत कुणी फिरकायचं नाही, आणि चारला उरलेलं काढून वजन करायचं. दार ओढताना आठवलं की आत माणूस आहे. पण ते सव्वाअकरापासून बसलेले, खेकडे एव्हाना त्यांना भिंतीचाच भाग समजत असणार. "बसवेल ना?" मी विचारलं. "मला काय होतंय," बाबा म्हणाले. ते नऊ नंबरच्या टाकीकडे बघत होते, ती बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

दुपारभर मी वजनकाट्यापाशी होते आणि माझं कशातच लक्ष नव्हतं. काट्याच्या काचेच्या पेटीत चिमूटभर पिवळी पूड, आकडा थरथरतो, थांबतो, मी लिहिते. आईला पाच बाळंतपणं झाली. जगलो दोघं, दुसरा दादा आणि पाचवी मी. मला आठवायला लागली तेव्हा ती सदतीस-अडतीसची असेल, म्हणजे आत्ताच्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि मला ती म्हातारी वाटायची. तिचे केस मागून विरळ झालेले होते. एकदा भरलेली बादली उचलताना तिचं मनगट मोडलं. पडली नाही, आपटलं नाही, नुसतं उचलताना. कट असा बारीक आवाज झाला आणि ती बादलीकडेच बघत राहिली, बादलीचं काही मोडलं का म्हणून. नंतर बरगडी, मग कमरेचा मणका. दर खेपेला म्हणायची, "माझ्या आईचंही असंच होतं गं, आमच्या घराण्यातच आहे ते." अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली तेव्हा ती माझ्या खांद्याला लागत होती आणि तिला उचलायला फारसं बळ लागलं नाही. मी खेकडेच का घेतले असं विचारणाऱ्यांना मी सांगते की ते स्वस्त असतात, टाकीत टिकतात. आईचा देह मला मोजता आला नाही, हे कुणाला सांगायचं? तिच्यातून किती गेलं आणि कुठे गेलं हे मला आकड्यात हवं होतं. आणि समोर पाय उचलून बसलेल्या माणसाची ती आखूड रेघ, तीही हवी होती. ती मला मिळालीही होती. दोन दिवसांनी शोधनिबंध पाठवायचा होता. बाबांना नाही म्हणायला मला दुसऱ्या कुठल्या कारणाची गरजच नव्हती, आणि तरी मी पूड सांडत होते.

चारला मी चिमटा आणि बशा घेऊन आत गेले. बाबा तसेच बसले होते. त्यांच्या हातात एक पाकीट होतं, वीजबिलाचं की कशाचं, आणि त्याच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं, नकाशावर नळांची नावं घालायचे तशाच सरळ, सुट्या अक्षरांत.

"हा वरचा खात नाही," ते हळूच म्हणाले.

"कोण?"

"हा, नऊ नंबरचा. त्याच्या नांगीपाशी तुकडा पडला होता, वीतभरही लांब नव्हता. त्यानं बघितलंन्, पण घेतला नाही. खालचीनं स्वतःचा संपवला आणि मग पाय लांबवून त्याचाही ओढून घेतला. शेजारच्या दहामध्येही तसंच. अकरामधलं मला नीट दिसलं नाही, मान वळवावी लागली असती."

मी पाकीट घेतलं. *१२.४० वरचा स्थिर. १२.५२ खालची दुसरा तुकडा ओढते. १.१५ वरचा नांगी उगारतो, काचेवर सावली. खात नाही. २.३० खात नाही. ३.४५ खात नाही.* मला आधी काही कळलंच नाही, आणि मग माझं गणित आठवलं. टाकीत दोन तुकडे टाकले, उरलेलं वजा केलं, जे खाल्लं गेलं त्याला भागिले दोन. अर्धं नराच्या नावावर, अर्धं मादीच्या. दोन वर्षं. चोवीस टाक्या, दोन वर्षं, भागिले दोन. कुणी खाल्लं हे कुणी बघितलंच नव्हतं, कारण बघणाऱ्यानं ते बुजतात. आणि मोजणाऱ्याला बघायची गरज वाटली नव्हती. नरांच्या पचनग्रंथीही चिमलेल्या निघाल्या होत्या. त्या मी स्वतःच्या हातानं काढल्या होत्या, त्यांचं वजन केलं होतं, आणि शेजारी लिहिलं होतं, 'बंदिवासाचा परिणाम'. टाकीत त्यांना मानवत नाही म्हणून. मादीला मानवतं आणि नराला का मानवत नाही हे मी स्वतःला विचारलंही नाही. एक सुटलेला आकडा अंदाजानं न भरणारी मी, मी अख्खा नर अंदाजानं भरला होता, आणि तो मला हवा होता तसाच भरला होता.

मी खालीच बसले, ओल्या फरशीवर. बाबांनी घाबरून विचारलं, "काय गं, माझं काही चुकलं का?" तेव्हा मी त्यांना सांगितलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. मादीचा खांब, नराची रेघ, भागिले दोन, सगळं. "तो दोन आठवडे उपाशी उभा असतो, बाबा. अंगातलं जाळत. आम्ही फक्त वृषण जाळून बघितले. त्याचा खर्च तिथे नव्हताच, तो त्याच्या उभं राहण्यात होता. तिच्याइतका नाही, पण नगण्य तर नाहीच. आम्ही तो मोजलाच नव्हता." बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी खेकड्यांबद्दल बोलत नाहीये. मी त्यांना एक दार उघडून देत होते. त्यांनी आत यायचं, म्हणायचं की आमचंही तसंच होतं, पोरी, दिवसभर स्टुलावर बसून पाठ मोडायची, तुला कुठे दिसायचं. आणि मी म्हणायचं, हो बाबा, मी मोजलं नव्हतं. ते असं म्हणाले असते तर मी हो म्हटलं असतं. आणि मग आयुष्यभर त्यांच्याकडे बघून ते हो मला डाचलं असतं, हेही मला कळत होतं.

बाबांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"खेकड्याचं तसं असेल," ते म्हणाले. "तू तसं लिही. माझं तसं नव्हतं. मी जेवत होतो. ती आजारी असली तरी उठून करायची आणि मी जेवत होतो."

"बाबा, असू दे."

"चारला सांगेन म्हटलं होतं, ते हेच. चौथ्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, आता पुन्हा नको. हाडं पोकळ होत चाललीत, अंगात रक्त नाही. पुन्हा राहिलं तर ती धड राहायची नाही. तिला आत्ता सांगण्यासारखं नाही, घरी नेल्यावर तुम्ही समजावून सांगा. मी हो म्हटलं."

"मग?"

"नाही सांगितलं."

पंपाची घरघर चालू होती. चोवीस टाक्यांत बुडबुडे येत होते.

"का?"

"लाज वाटली. असलं बोलायची सवय नव्हती आमच्यात. आज सांगू, उद्या सांगू. आणि मला मुलगी हवी होती, तेही होतं." ते माझ्याकडे बघत नव्हते, काचेकडे बघत होते. "दीड वर्षानं तू झालीस."

"आईला कधी कळलं?"

"नाही कळलं. शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या आईकडून आलंय. मी शेजारी बसून ऐकायचो." आणि मग म्हणाले, "दादाला माहीत नाही. कुणालाच नाही. तुझ्या घरी येऊन राहिल्यावर हे सांगितलं असतं तर ती फसवणूक झाली असती. म्हणून आधी आलो. आता तू नाही म्हटलंस तरी चालेल. ती जागा वाईट नाही, मी बघून आलोय. खिडकी आहे."

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरोखर, हातानं. त्यांच्या त्या सैल कॉलरला धरून हलवावं, इतकी वर्षं न हललेला तो माणूस एकदा गदागदा हलवावा, असं वाटलं, आणि माझे हात ओले होते, त्यांना शिंपल्यांचा वास येत होता. बादलीकडे बघणारी आई दिसली. तिचा तो चौथा हिस्सा, जो मी दोन वर्षं जाळून जाळून मोजत होते, तो कुठे गेला हे मला आत्ता कुणीतरी सांगितलं होतं. तो माझ्यात होता. माझ्या या धडधाकट मनगटांत, सत्तेचाळिसाव्या वर्षीही न गळलेल्या केसांत. मी ज्याला नगण्य म्हणत होते त्याच्या एका न उच्चारलेल्या वाक्यामुळे मी होते, आणि त्याच वाक्यामुळे ती नव्हती. यातलं एक हवं आणि दुसरं नको असं मला म्हणता येईना. मी रडले. फार आवाज न करता, पण लपवलंही नाही. बाबांनी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबवला, मला चालेल की नाही या विचारानं. आणि तो तसाच हवेत राहिला. मला आठवत होतं त्या आयुष्यात त्यांनी न विचारता केलेलं ते पहिलंच विचारणं असावं. मला त्यांचा मोडलेला चेहरा बघून दया आली नाही. पण आईचं खरं काय झालं हे माहीत असलेली जगात आता दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक खिडकीशेजारच्या खाटेवर नेऊन ठेवायचं, महिन्यातून एकदा फळं घेऊन भेटायला जायचं, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, हे मला सहन होणारं नव्हतं. मला हा माणूस रोज समोर हवा होता. भांडायला, विचारायला. ती हसायची कशी हे माझ्यापेक्षा जास्त वर्षं बघितलेला तोच एक होता.

सहाला पंचवीस मिनिटं होती. मी तिथूनच दादाला फोन लावला.

"ती खाट दुसऱ्या कुणाला तरी देऊ देत," मी म्हटलं. "बाबा माझ्याकडे येतायत."

"नक्की?" दादा म्हणाला. "नीट विचार केलायस ना? नाहीतर महिन्याभरानं मला फोन करशील, की जमत नाही."

"नाही करणार."

मी फोन ठेवला. बाबा भिंतीला हात लावून उभे राहायचा प्रयत्न करत होते. सहा तासांच्या वर बसून पाय आखडले होते, आणि उभे राहिल्यावरही त्यांना तोल सावरेना. मी त्यांना दंडाला धरलं. दंड काटकुळा होता.

"छोटे," ते म्हणाले, "तुझा राग गेला नसेल तर—"

"गेला नाहीये," मी म्हटलं. "जाणारही नाही. चला."